पाण्यातला मुलगा

माझी धाकटी बहीण बारावीत होती तेव्हा तिला एका जपानी सिनेमाचं वेड लागलं. हिंदीत डब केलेला, मोबाइलवर बघायचा. त्यातली शाळकरी मुलगी तळ्यात राहणाऱ्या एका मुलावर प्रेम करते. तो माणूस नसतो आणि तिच्याशिवाय कुणाला दिसत नाही. बहिणीला त्या मुलीचं बोलणं तोंडपाठ झालं होतं. तालुक्याला, बाभुळगावला जाऊन तिने केसही तिच्यासारखे मानेपर्यंत कापून आणले. काका म्हणाला, "घराची इज्जत घालवली." आणि तिच्या थोबाडीत दिली.

बाबा गेल्यापासून घरात काकाचा शब्द चालायचा आणि हातही.

एका संध्याकाळी त्याला विहिरीजवळच्या तुरीतून तिचं हसणं ऐकू आलं. तूर डोक्यावर गेलेली. तो पोचला तेव्हा ती एकटीच उभी होती. त्याने मानगूट धरली.

"कोनाशी बोलून राह्यली होती?"

तिने सिनेमातलंच काहीतरी सांगितलं. "तो पाण्यातला आहे. तुमाले नाही दिसत."

काकाने तिला शेताच्या धुऱ्यावरून फरपटत घरी आणलं, खोलीत ढकललं, पट्ट्याने मारलं. मारता मारता तोच घाबरला. त्या विहिरीत पूर्वी एक पोरगा बुडून मेला होता. पट्टा टाकून तो आईला म्हणाला, "वहिनी, पोरीले धरलं त्यानं. भगताकडे न्या लागते."

मी तेव्हा कॉलेजात शिकत होते. "तिनं सिनेमातलं सांगितलं, काका," म्हटलं, तर मलाही एक बसली. आईने खाली पडलेला पट्टा उचलून खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भगताच्या अंगणात बरीच माणसं बसली होती. त्याने बहिणीला घमेल्यासमोर बसवलं. घमेल्यात निखारे, वर लाल मिरच्या. धूर नाकातोंडात जाऊन ती ओकारली. भगताने केस धरायला हात घातला, पण आखूड केस हातात येईनात. मग त्याने कान धरला. कानातलं पाळी फाडून निघालं, रक्त मानेवरून ओढणीत उतरलं.

"नाव सांग त्याचं."

"नाव नाही त्याले."

निरगुडीची ओली फोक पाठीवर सपसप बसत होती. मी पाणी पाजायच्या निमित्ताने तिच्याजवळ बसले. तिने माझा हात घट्ट पकडला आणि कानात म्हणाली, "ताई, खरा मुलगा आहे. सांगू नको. काका मारून टाकतील त्याले."

गावातल्या बौद्ध घरचा मुलगा होता. मी ओळखत होते त्याला. काकाबद्दल ती जे म्हणाली, त्यात काही खोटं नव्हतं. म्हणजे ही पोरगी त्याच्यासाठी भूत अंगावर घेऊन बसली होती.

भगताने फोक पुन्हा उचलली. मी घमेल्याला लाथ मारली. निखारे त्याच्या पायांवर, धोतरावर गेले. तो किंचाळत नाचायला लागला. काका धावून आला आणि त्याने माझ्या तोंडावर बुक्की मारली. पुढचा दात तुटून माझ्याच जिभेत रुतला. मी पडले, तर त्याने बरगडीत लाथ घातली. दुसरी घालणार तेवढ्यात आईने मागून त्याचं मनगट धरलं आणि चावली. काका तिला झटकत होता, डोक्यात मारत होता, पण ती सोडेना. माणसांनी ओढून काढली तेव्हा तिचं तोंड लाल झालेलं होतं.

"भाऊजी," ती धापा टाकत म्हणाली, "आता हात लावाल तर गळा धरीन."

आम्ही तिघी ऑटोने दवाखान्यात गेलो. बहिणीने डॉक्टरांना मार कसा बसला ते सगळं सांगितलं, फक्त मुलाचं सांगितलं नाही. पोलीस भगताला घेऊन गेले. तक्रारीत काकाचं नाव आईने स्वतः लिहायला लावलं.

त्या दुपारची गोष्ट गावभर झाली होती. मुलगा मात्र दवाखान्यात आला नाही. पुढे बसस्टँडवर भेटला. बहिणीसोबत मी होते. तो खाली बघत म्हणाला, "मले वाटलं, मी आलो असतो तर तुले अजून मारलं असतं."

"बरोबर वाटलं तुले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बस लागली, आम्ही चढलो. त्यानंतर ती त्याला भेटली नाही. एकदाच मी विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाली, "तो जिवंत आहे नं. माह्यासाठी तेवढं होतं."

आता ती यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे. आईने त्याच वर्षी चूल वेगळी केली, वावराची वाटणी करून घेतली. जामिनावर सुटलेला काका अंगणाच्या पलीकडच्या बाजूला राहतो. आई वाटेत समोर आली तर तोच थांबतो, आणि ती पुढे निघून जाते.