पाठीवरचा दगड

संग्रहालयातला छिन्नीवाला तीस वर्षं दगडात अडकलेले शिंपले सोडवत होता. प्रत्येकाच्या पाठीवर नखाएवढा दगड तो मुद्दाम ठेवायचा. सोबतचे त्याला कामचुकार म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा. तांबूस दगड म्हणजे टेकडीपलीकडची खाण, करडा म्हणजे अलीकडची. शिंपला कुठला, हे त्यावरूनच कळायचं.

टेकडीच्या जागी एके काळी एकच समुद्र होता. मध्ये जमीन वर आली आणि पलीकडचं पाणी कोंडलं. तिथले शिंपले पिढ्यानपिढ्या आपसातच वाढले, कंगोरेदार झाले. अलीकडे लांबच्या समुद्रातून नवे येत राहिले. त्यांनी जुन्यांना हुसकावलं. ताटातुटीच्या वेळचे शिंपले मात्र दोन्हीकडे हुबेहूब सारखे. नजरेला फरक कळत नाही. त्यांना दोन खणांत वेगळं ठेवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. अक्षर वाईट म्हणून खणांवरच्या चिठ्ठ्या लेकीकडून लिहून घेतल्या होत्या.

आठ दिवसांची रजा संपवून तो आला, तर दोन्ही खण रिकामे. नव्या साहेबांनी प्रदर्शनासाठी सगळे शिंपले एका पेटीत ओतवले होते. पाठीवरचा दगड घाण दिसतो म्हणून यंत्रावर घासून काढायला लावला होता. निम्म्यांचं घासून झालंही होतं.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने आधी यंत्राची वायर काढून खिशात घातली, मग साहेबांकडे गेला. साहेबांनी विचारलं, एकतरी फुटला का, हरवला का? मग आकाशपाताळ एक करायचं कारण काय?

तीन दिवस तो पेटीपुढून उठला नाही. दगड उरलेले निवडले, कंगोरेदार निवडले, लांबून आलेले नवे निवडले. शेवटी एकशे सात राहिले. गुळगुळीत, सारखे, बेवारस.

साहेब डोकावले. "काका, निम्मे इकडे टाका, निम्मे तिकडे. संपवा एकदाचं."

"वाटून टाकायला हे पत्ते आहेत का, साहेब? एकेकाला मला आठवडा लागलाय. तुम्ही दोन मिनिटांत त्याचं गाव पुसलंत. आता खोटं गाव मी लिहू?"

त्याने तिसरा खण केला. चिठ्ठी या वेळी लेकीला सांगितली नाही, स्वतःच लिहिली. वेड्यावाकड्या अक्षरात दोन ओळी: 'कुठले ते माहीत नाही. इथे घासल्यामुळे.'

दुसरी ओळ काढा, साहेब म्हणाले. त्याने चिठ्ठीवर काच ठेवली आणि चारही स्क्रू गच्च पिळले.