उपासाला सुट्टी

ह्यांना किडनी मी द्यायची असं ठरलं, त्याच संध्याकाळी ब्रिस्टलच्या घरातल्या देव्हाऱ्यापुढे मी शंकराला बोलले: ऑपरेशन पार पडेपर्यंत धान्याचा कण खाणार नाही. दिवसातून एकदा फळं आणि दूध, बस. कुणाला सांगितलं नाही. मी पहिल्यापासून हट्टी, एकदा म्हटलं की म्हटलं.

मार्चमधल्या एका सोमवारी तपासणीला गेले, तर नर्सने कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. वजन खाली, हिमोग्लोबिन खाली. "तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. असंच राहिलं तर ऑपरेशन पुढे जाईल." डायलिसिसवर हे आधीच खंगत चालले होते. पुढे म्हणजे किती पुढे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तरीही नवस मोडायचं मनात आलं नाही, हे आज कबूल करते. मोडला आणि ह्यांना काही झालं तर?

बाहेर बाकावर बसले. शेजारी गुडघा दाखवायला आलेल्या एक आयरिश आजी होत्या, कोटाला तीन पानांची हिरवी डहाळी टोचलेली. त्यांनी फॉइल उघडून लोणी लावलेला घरचा पाव पुढे केला. माझा उपास आहे म्हटल्यावर हसल्या. "मीही ईस्टरपर्यंत चाळीस दिवस करते. पण आज सेंट पॅट्रिकचा सण. आज उपासाला सुट्टी."

मला तो दिवस पबमधल्या हिरव्या टोप्यांपुरताच ठाऊक. तसं म्हटलं तर आजी चिडल्याच. "ते सगळं नंतरचं. आमच्या गावात आधी चर्च, मग जेवण." मग सांगू लागल्या. पॅट्रिक आयर्लंडचा मोठा संत, पण मूळचा इथला, ब्रिटनचाच मुलगा. त्याला गुलाम करून आयर्लंडला पळवून नेलं. तिथे मेंढ्या राखत, थंडीत कुडकुडत, उपाशीपोटी तो प्रार्थना करायचा. पुढे निसटला, आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा त्याच लोकांत गेला. "उपासमार त्याच्या वाट्याला आली होती," त्या म्हणाल्या. "तू कशाला मागून घेतेस?"

मग मला राहवलं नाही, किडनीचं सगळं सांगून टाकलं. "म्हणजे तू नवऱ्यालाच उपाशी ठेवतेयस," एवढंच आजी बोलल्या.

मला रडू फुटलं. त्या परक्या बाईच्या तोंडून माझाच देव बोलतोय असं वाटलं. पटवून मात्र कुणाला देणार नाही. शंकराचं नाव घेतलं आणि पाव खाल्ला. त्या दिवसापासून डाळ, पालक, नाचणी, लोहाच्या गोळ्या, सगळं त्याच हट्टाने पोटात ढकललं. तीन आठवड्यांनी नर्सने होकार दिला आणि ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

आजी पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांचं नावही विचारायचं राहिलं, पण देवापुढे हात जोडताना रोज त्यांची आठवण काढते. उपास देवाने मागितलाच नव्हता, तो मी त्याच्या गळ्यात घातला होता. त्याने मागितली होती किडनी, आणि नेमकी तीच मी जपत नव्हते.