बहिःस्थ मुलीची गोळाफेक

खेळाडूची ताकद हजेरीपटावर मोजायची असते का? नव्वदच्या दशकात, कोल्हापुरात कॉलेजच्या संघनिवडीत ती मला एकदाच दिसली. दिवसा फाउंड्रीत वाळूच्या पाट्या उचलायची, म्हणून परीक्षेला बहिःस्थ बसायची. तिचा गोळा सगळ्या मुलींच्या पुढे पडला.

क्रीडाशिक्षक म्हणाले, “पोरी, विद्यापीठाच्या नियमानं वर्गात बसणारीच चालती. तू बहिःस्थ.”

“वर्गात बसून दंडात जोर येतो व्हय, सर?”

सगळे हसले. तिने ओढणीने गोळ्याची माती पुसली. “कामावर जातो मी,” म्हणाली आणि गेली.

निवडलेली मुलगी माझ्याच वर्गातली. वर्षभर ती वर्गाकडे फिरकली नव्हती. हजेरी मात्र रोज लागत होती.

तुमच्या कॉलेजात बहिःस्थ मुली असतील, तर पुढच्या निवडीआधी त्यांना घेऊन विद्यापीठाच्या दारात उभे राहा.