कोपरखैरणे ते खारघर, एका संपर्कासाठी

रविवारी सकाळी आम्ही कोपरखैरण्याहून निघालो, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी गेटवर उभे राहून हात हलवत होते. निरोप प्रेमाचा नव्हता. गच्चीवरचा माझा अँटेना त्यांनीच लावल्यापासून आठवड्याभरात उतरवायला लावला होता. आता तो गाडीवर चढून सोसायटीबाहेर चालला आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मी हौशी रेडिओवाला आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि आपल्या सेटवरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, असा हा छंद. त्याच्या स्पर्धाही असतात. ठरलेल्या वेळात जमतील तेवढ्यांना हाका मारायच्या. दोघांनी आपलं सांकेतिक नाव, ठिकाण आणि आवाज कसा येतोय ते एकमेकांना सांगितलं, की एक संपर्क पूर्ण. गाडीतून भाग घेणाऱ्याला तर प्रत्येक नव्या ठिकाणाहून नव्याने गुण मिळतात. गच्चीवरून हाकललेल्या माणसाला आणखी काय हवं? पन्नाशी उलटल्यावर मी परवाना मिळवला खरा, पण गच्चीवरचा अँटेना इतका अल्पायुषी निघाला, की आयुष्यात माझा एकही संपर्क झालेला नव्हता.

गाडी माझ्या बायकोची, मनीषाची. चालवणारही तीच. निघतानाच तिने अट घातली.

"महिनाभर पार्किंगमधे तारा जोडताय, लोक मला विचारतात, साहेबांची नोकरी गेली का. आज सूर्य मावळायच्या आत एक तरी माणूस उत्तर देऊ दे. नायतर सेट माळ्यावर, आणि सगळे रविवार माझे."

"तिचे रविवार" म्हणजे साताऱ्याकडच्या तिच्या तमाम नातेवाइकांच्या घरभरण्या, बारशी आणि साखरपुडे. मी मुकाट्याने सीटबेल्ट लावला.

पहिला अपघात गेटबाहेरच झाला. अँटेना लोहचुंबकावर उभा राहतो, म्हणून मी तो टपावर ठेवला आणि तो घसरत मनीषाच्या काचेवर आला. आमच्या गाडीच्या टपाला आकाश बघायची काच आहे, आणि काचेला लोहचुंबक चिकटत नाही. तुर्भ्याच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघतो, हे इथे मुद्दाम सांगत नाही. शेवटी तो पुरुषभर उंचीचा दांडा डिकीच्या झाकणावर उभा केला, वायरी आत सारल्या आणि पाम बीच रोडला लागलो.

त्या रस्त्यावर एरवी गाड्या विमानतळाची धावपट्टी असल्यासारख्या सुटतात. त्या दिवशी मात्र आमचा हलणारा दांडा दिसला की मागची गाडी एकदम सभ्य होई. सानपाड्याच्या सिग्नलला एका दुचाकीवाल्याने काचेवर टकटक केलं.

"साहेब, स्पीड पकडताय का?"

"नाही हो, रेडिओ आहे."

"तेच बोलतोय. पुढे अजून एक गाडी उभी आहे काय तुमची?"

त्याने हेल्मेट कोपरातून काढून डोक्यावर चढवलं आणि बैलगाडीच्या वेगाने निघून गेला. मनीषा खूश झाली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कोणी कट मारला नव्हता. मी मात्र सेटला कान लावून बसलो होतो. हाक मारत होतो आणि फक्त खरखर ऐकत होतो. जुळणी दाखवणाऱ्या मीटरचा काटा मात्र शून्यावरून हलत नव्हता. म्हणजे पाठवलेली सगळी शक्ती निमूट बाहेर जात होती, काही परत येत नव्हतं. इतकी अचूक जुळणी मोठमोठ्यांना साधत नाही, असं मी मनीषाला दोनदा ऐकवलं.

"मग कोण बोलत का नाय?"

"सूर्यावर डाग कमी आहेत सध्या. त्यामुळे लहरी नीट परावर्तित होत नाहीत."

"म्हणजे आता सूर्यपण तुमच्यावर रुसला," ती म्हणाली.

पुढे खाडीकाठच्या एका जुन्या गावाच्या जेट्टीवर थांबलो. ओहोटी होती. चिखलात निवटे (चिखलावर उड्या मारणारे लहान मासे) टपटप उडत होते. भरतीच्या पाण्याशेजारी लहरी लांब जातात असं वाचलं होतं. ओहोटीचं मी वाचलं नव्हतं. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी आमच्या दांड्याकडे बराच वेळ बघितलं.

"गरी (मासे पकडायचा गळ) टाकाला आलाव का, दादा?"

"नाही आजोबा, ह्याच्यातून लांबच्या माणसांशी बोलतात."

"मंग बोल की."

मी अर्धा तास बोललो. आजोबांनी हातातलं जाळं बाजूला ठेवून ऐकलं.

"येकटाच बोलतंस रं," ते शेवटी मनीषाकडे बघून म्हणाले. "घरान पन असाच हाय का यो?"

मनीषाने मान डोलावली. आजोबांना तिची इतकी दया आली, की त्यांनी घरातून तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) मागवला. कांद्यात परतलेला तो जवळा मी जन्मात विसरणार नाही. तिसरी भाकरी खाताना मला कळलं, की मी अर्धा तास स्पर्धेत नाही. घाईघाईने उठलो.

बेलापूरला तीच खरखर. खारघरला टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मनीषाने कणीस घेतलं आणि बॉनेटला टेकून खात उभी राहिली. ती आता टोमणे मारत नव्हती, हे जास्त वाईट होतं. माझा घसा बसला होता. दिवसभर हाका मारून कोणीच ओ दिली नाही, तर ते फार लागतं. मला खरंच अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

आणि खरखरीतून एक आवाज आला. अगदी बारीक, पण माणसाचा. माझंच सांकेतिक नाव घेत होता.

मी लगेच उत्तर दिलं. "तुमचा आवाज पाच-नऊ. कृपया नाव पुन्हा सांगा. पुन्हा. पुन्हा एकदा."

"पाच-नऊ म्हणजे?" मनीषाने खिडकीतून विचारलं.

"म्हणजे अगदी स्पष्ट ऐकू येतंय."

"मग तीनदा का विचारताय?"

"स्पर्धेत सगळेच सगळ्यांना पाच-नऊ देतात. रीत आहे तशी."

"घरी पण मला तेच देता तुमी," ती म्हणाली.

पलीकडचा ठिकाण सांगत होता. खारघर.

"मीही खारघर," मी म्हणालो.

"खारघरला कुठे?"

"टेकडीखाली. कणीसवाल्याच्या शेजारी."

 मग तो आवाज इंग्रजी सोडून मराठीत आला. "जरा हॉर्न वाजवता का?"

मी वाजवला. उत्तरादाखल कणीसवाल्याच्या पलीकडे, आंब्याखालच्या पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. तो ऐकायला रेडिओची गरज नव्हती.

त्या गाडीतून दळवी नावाचे निवृत्त गृहस्थ उतरले. सुनेच्या टीव्हीतून मालिकेच्या मधेच त्यांचा आवाज येतो, म्हणून तेही बाहेर काढले गेले होते. त्यांचे मात्र दिवसभरात चिक्कार संपर्क झाले होते.

"तुम्ही इतके जवळ आणि इतके क्षीण कसे?" असं म्हणत त्यांनी आमची डिकी उघडली आणि डोक्याला हात लावला.

सेटची वायर अँटेनाला जोडलेलीच नव्हती. ती डमी लोडमध्ये होती. डमी लोड म्हणजे चाचणीचा डबा: पार्किंगमध्ये सेट तपासताना लहरी बाहेर जाऊ नयेत म्हणून त्या पोटात जिरवून टाकतो. अँटेनाची वायर शेजारी स्टेपनीवर, मीच रबरबँड लावून नीट गुंडाळलेली. कोपरखैरण्यापासून इथपर्यंत मी एका डब्याला हाका मारत आलो होतो, आणि डब्याने अर्थातच काही परत पाठवलं नव्हतं.

"मग तुम्हाला मी ऐकू कसा आलो?"

"थोडं गळतं त्यातून. शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो तेवढं."

दळवींनी वायर बदलली. खरखरीच्या जागी एकदम माणसं आली. चेन्नई, कोलंबो, एक जपानी गृहस्थ, भोपाळच्या एक बाई, सगळे एकमेकांना हाका मारत होते. मी माइक उचलला, तेवढ्यात स्पर्धेची वेळ संपली. ते एकमेकांचे आभार मानत एकेक करून गप्प झाले. मला रडू आलं. मनीषाने बघितलं आणि अर्धं कणीस माझ्या हातात दिलं.

"एवढी माणसं दिवसभर इथेच होती?"

"हो."

 परतीच्या वाटेवर मीच अटीचा विषय काढून म्हणालो, "दळवींचा संपर्क धरायचा नसेल तर नको धरूस. नुसती तोंडाने हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं त्यांना."

 घरी आल्यावर तिने स्टूल ओढलं, म्हणाली, "डिकीतून आणा."

मी सेट आणला.

"हा नाय. तो डबा."

डबा माळ्यावर गेला. साताऱ्याचा एक साखरपुडा तिने फोन करून पुढच्या महिन्यावर ढकलला, आणि दळवींना रविवारी डबा घेऊन या, म्हणजे जेवणाचा, असं कळवायला सांगितलं. मी फोन उचलला, तर म्हणाली, "फोन कशाला? सेटवरून सांगा की."

लोक विचारतात, पहिला संपर्क कुठल्या गावाशी झाला. मी सांगतो, खारघरशी. कुठून केलात, असं विचारलं की मी विषय बदलून जवळ्याचं सांगायला लागतो.