चार नंबरचा जोड

बुटांबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. मला थांबवायला माणूस लागतो! मोबाईलवर माझे मराठीतले बुटांचे व्हिडिओ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. पण चार नंबरच्या जोडाबद्दल एक गोष्ट मी एकाही व्हिडिओत बोललेलो नाही. बायकोला सांगितलेली नाही. धनाजीला तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — सरळ सांगता येईल की नाही, बघू.

आधी तो खेळाडू. त्याचं नाव घेत नाही. कॉलेजात आम्ही त्याला 'आपला माणूस' म्हणायचो. राहायला अमेरिकेत, उंची साडेसहा फूट, आणि तरी आपला! कोल्हापूर पडलं फुटबॉलचं आणि कुस्तीचं गाव. इथं बास्केटबॉल खेळतो म्हटलं की लोक विचारायचे, 'बरं, आणि काम काय करतोस?' आम्ही दहा-बारा जणच होतो. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळी, दुसरीला तीही नाही. पण सकाळी सहाला टीव्हीवर त्याचा सामना लागला की चहासुद्धा नको वाटायचा.

आणि मग कंपनीनं त्याच्या नावाचे बूट काढायला सुरुवात केली. दरवर्षी एक नंबर. आम्ही येडेच झालो! एक नंबर म्हणजे बूट कसला, गमबूटच — घोट्याच्या वर चार बोटं, जाड चामडं, वरून पट्टा. दोन नंबरला पट्टा गेला आणि टाचेत हवेची पिशवी आली. ती बाहेरून दिसायची, अहो, खिडकी होती तिला! तीन नंबर मात्र साफ फसला. तळ लाकडासारखा कडक. त्याच वर्षी आपल्या माणसाचा घोटा मुरगळला आणि अर्धा हंगाम बसून गेला. आम्ही तीन नंबरला अशा शिव्या घातल्या, जसा काही आम्हीच तो पायात घातला होता.

मग चार नंबर. काय सांगू तुम्हाला! घोट्याच्या खाली कापलेला. घोटा दुखावलेला माणूस म्हणे कंपनीला म्हणाला, मला उंच बूट नको, घोटा मोकळा सोडा. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. चामडं गेलं, जाळीचं कापड आलं, आणि तळावरच्या रेघा कसल्या, तर त्याच्या अंगठ्याच्या ठशाच्या! हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटायचं नाही. त्या हंगामात तो जो काय खेळला — आजही आठवलं की अंगावर काटा येतो. पाच नंबर, सहा नंबर, मोज्यासारखा विणलेला सात नंबर, सगळे नंतर आले. पण सगळे आले ते चार नंबरच्या पोटातून.

बघा, मी पुन्हा बुटांवरच घसरलो. टाळतोय का मी? टाळतोयच.

तर कोर्टावर मी तज्ज्ञ होतो. कुणी नवा जोड आणला की आधी माझ्या हातात. मी आतला सुकतळा उचलायचो, वास घ्यायचो, शिलाई बघायचो आणि निकाल द्यायचो — वरिजनल की फर्स्ट कॉपी, म्हणजे नकली. माझा निकाल कुणी खोडून काढत नसे. आणि माझ्याकडे स्वतःचा चार नंबर होता, मामानं मुंबईहून आणलेला. महिनाभर मी तो असा मिरवला होता की विचारू नका.

त्यात एक दिवस उचगावचा धनाजी आला. माझा सगळ्यात जवळचा दोस्त. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली होती, आणि त्याच्या मोठ्या भावानं, विलासदादानं, दुबईहून त्याच्यासाठी चार नंबर पाठवला होता. दादा तिकडं एसी दुरुस्तीच्या कामाला होता. आठवड्याच्या एकुलत्या एक सुट्टीत कंपनीच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून घेतलेला जोड. धनाजीनं खोका उघडलाच नव्हता. म्हणाला, "अभ्या, आधी तू बघ, मग मी घालतो."

मी बघितला. तळ पालथा केला. अंगठ्याचा ठसा — गोल, भोवऱ्यासारखा, रेघ न् रेघ स्पष्ट. नाडीखालच्या जिभेवरचं कंपनीचं चिन्ह दोऱ्यानं भरलेलं. आणि माझ्या पायातल्या बुटाच्या तळाला नुसत्या आडव्या रेघा होत्या, त्यांनाच मी ठसा समजत आलो होतो. चिन्ह छापलेलं होतं, आणि ते सोलायला लागलं होतं. एका क्षणात कळलं. महिनाभर मी नकली बूट घालून दुसऱ्यांना निकाल देत होतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दोन्ही जोड शेजारी आले असते तर? कुणाच्याही लक्षात आलं असतं.

मी म्हणालो, "घालून चाल."

कोल्हापुरात पायताणाची पारख कानानं होते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? चप्पल करकरली पाहिजे. न करकरणारी चप्पल घालून कोण मिरवतं? आणि टीव्हीवर त्या खेळाडूंचे बूट कसे चुंई-चुंई वाजतात हे सगळ्यांनीच ऐकलेलं. ते लाकडी फरशीमुळे वाजतात. सिमेंटवर वाजत नाहीत. हे मला माहीत होतं — नीट ऐका — मला माहीत होतं. धनाजी त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. बारा जण कान देऊन उभे. आवाज नाही. मग मी चालून दाखवलं. माझ्या नकली बुटाचा सुकतळा सुटलेला होता, तो पावलागणिक करकरला. निकाल लागला.

"दादाला कुणीतरी गंडवलंय," मी म्हणालो. वर हळहळलोसुद्धा.

धनाजीनं तिथंच कोपऱ्यावरून दादाला फोन लावला. मी शेजारी उभा. दादा सांगत असणार की दुकानातून घेतलाय, बिल आहे. धनाजी ओरडला, "बिल बी डुप्लिकेट आसंल! अभ्यानं बघितलाय की. अभ्या खोटं बोलत न्हाय." मी तेव्हा बोलू शकलो असतो ना? एक वाक्य पुरलं असतं. मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

जोड धनाजीनं मलाच दिला. नकली कसा असतो ते पोरांना दाखवायला ठेव, म्हणाला. आमचं माप एकच. वर्षभरानं त्यानं सहज विचारलं तेव्हा मी सांगितलं, भंगारात टाकला. टाकला नव्हता. माझ्या व्हिडिओत एक ते दहा नंबर ओळीनं मांडलेले दिसतात ना, त्यातला चौथा तोच. धनाजीनं तो व्हिडिओ पाहून मला फोन केला होता, आनंदानं. "खरा चार नंबर असा असतोय व्हय!" म्हणाला.

आणि दादा? कोल्हापुरात एकदा नाव पडलं की पडलं. उचगावात तो 'डुप्लिकेट दादा' झाला. सुट्टीवर यायचा तेव्हा सगळ्यांसाठी काहीबाही आणायचा, धनाजीसाठी नाही. "मला त्यातलं कळत न्हाय बाबा," म्हणायचा. लग्नकार्यात कुणाला घड्याळ दिलं तरी बायका हसून विचारायच्या, खरं हाय न्हवं? आता तो कायमचा परत आलाय. फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलंय. तिथंही गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं — "पार्ट वरिजनल हाय का, दादा?" दादा हसतो. मी त्याला हसताना कितीदा पाहिलंय.

यंदा कंपनीनं चार नंबर पुन्हा काढला! तोच साचा, तोच ठसा, आतला फोम तेवढा नवा. बातमी वाचली तेव्हा मी घरात अक्षरशः उडी मारली. आणि परवाच्या रविवारी दोघं भाऊ माझ्या दारात. धनाजीची मुलगी शाळेच्या संघात खेळते, आणि दादानं — इतक्या वर्षांनी, स्वतः पुण्याला जाऊन — तिच्यासाठी नवा चार नंबर आणला होता. येतोय असा फोन आला तेव्हा मी काय केलं माहीत आहे? कपाटातला जुना जोड उचलला आणि आतल्या खोलीत पलंगाखाली सरकवला.

धनाजी बसला. दादा बसेना. खोका माझ्या हातात देऊन दाराशीच उभा राहिला, केस पांढरे झालेले, हात मागे बांधलेले. मी तळ पालथा केला. भोवरा, रेघ न् रेघ.

"वरिजनल आहे, दादा. एकदम खरा."

दादानं डोळे पुसले, खरंच पुसले. धनाजीच्या पाठीत जोरात थाप मारली. "बघितलास? या खेपंला तरी फसलो न्हाय म्हणायचं!" दोघं भाऊ हसत होते. मग दादानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तू हाईस म्हणून कळतंय बघ आमाला."

तो त्या खेपेलाही फसला नव्हता. हे मला कोर्टावर ठाऊक होतं आणि परवाही ठाऊक होतं, माझा हात त्याच्या हातांत असताना. मी त्याला चहा घेणार का विचारलं.