मलईगाडी आणि अण्णांचा हातोडा

आमच्या गावात तिला मलईगाडी म्हणत. परभणीच्या अलीकडचं आमचं स्टेशन एवढं लहान, की साधी पॅसेंजर मिनिटभर जास्त थांबली तरी स्टेशनमास्तर खूश होत. मलईगाडी थांबायचा तर प्रश्नच नव्हता. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदोनदा सायीच्या रंगाचे पाच डबे घेऊन ती जायची. खिडक्यांना पडदे, आत पिवळे दिवे, टेबलाशी बसलेले गोरे पाहुणे. शाळा रुळाला लागूनच होती. ती आली की आमचे गुरुजीसुद्धा खडू खाली ठेवून दारात येत.

माझे वडील, अण्णा, त्याच लाइनीवर चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी पकडीत बसतो तिथं एक पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्यानं ती सैल होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज लाइनीनं चालायचं आणि सैल चावी दिसली की ठोकायची, हे अण्णांचं काम. गाडी आली की बाजूला उभं राहून नजर चाकांवर ठेवायची. खाली काही लोंबतंय का, कुठलं चाक वेगळं वाजतंय का, ते पाहायचं. त्यामुळे साऱ्या गावाला मलईगाडीचे पडदे माहीत होते आणि अण्णांना फक्त तिची चाकं.

"तिसऱ्या डब्याचं मागचं चाक टकटक करायलंय," ते घरी येऊन सांगत.

माय वैतागायची. "आवं, चाक जाऊ द्या. आत मडमा काय नेसल्या होत्या ते सांगा की."

"ते कुठं बघत बसू? ड्युटी होती मला."

अण्णांच्या नोकरीमुळे मला पास मिळे. त्या पासावर रोज परभणीला जाऊन मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. आज मी जो काही आहे तो त्या पासाच्या आणि अण्णांच्या पायांच्या जिवावर आहे, हे लिहिताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

नोकरीसाठी मी हैदराबादला आलो तेव्हा देशाचे दरवाजे उघडले असं रोज पेपरात येत होतं. सुलतान बाजारातल्या एका साडीच्या दुकानाच्या माडीवर एक नवीन कंपनी उघडली होती, तिथं मला घेतलं. साहेब मराठीच, पण घराणं चार पिढ्या हैदराबादचं. त्यांची मराठी ऐकताना पहिला महिनाभर मला गंमत वाटायची.

"हे बघा, तुम्ही पार्टीला गाडी दाखवायची. बस. जास्ती बोलायचं नक्को," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

गाडी म्हणजे मोटार असावी असं मला वाटलं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन मलकपेठेच्या बाजूच्या यार्डात गेलो, तर तीन नंबरच्या लाइनीवर मलईगाडी उभी!

सगळीकडे लहान लाइनीची मोठी लाइन होत होती. मोठ्या लाइनीवर हिची चाकं बसत नव्हती, म्हणून हिला निवृत्त केलं होतं. पुढं हिचं काय करायचं ते ठरत नव्हतं. साहेबांना ती हवी होती, गिऱ्हाइकांना दाखवण्यापुरत्या किल्ल्याही त्यांनी रेल्वेकडून मिळवल्या होत्या, पण तिचं करायचं काय, हे त्यांचंही ठरत नव्हतं. एका आठवड्यात तिचं हॉटेल होई, दुसऱ्या आठवड्यात लग्नाचा हॉल, तिसऱ्यात सिनेमावाल्यांना भाड्यानं. एकदा तर कॉम्प्युटरचे क्लास काढायचं ठरलं. मी दर वेळी पार्टीला तोच सोफा दाखवत असे, कधी वऱ्हाड्यांसाठी म्हणून, कधी विद्यार्थ्यांसाठी म्हणून.

गाडीत एक चाचा होते. तिच्यावर बेअरा म्हणून त्यांनी जन्म काढला होता. बदलीचा हुकूम आला नव्हता, म्हणून ते रोज सकाळी येऊन पलंगांवरच्या चादरी झटकून पुन्हा घालत.

"चाचा, कोणी झोपत नाही, मग कशाला?" मी विचारलं.

"पाशिंजर नै आया तो उसकी मर्जी," ते म्हणाले. "बिस्तर तो तैयार होना ना, बाबू."

मला त्या दिवसापासून एकच ध्यास लागला. अण्णांना या गाडीत बसवायचं. पत्र टाकलं, पण अण्णांना रजा मिळेना. आमच्याकडचे जुने रूळ उखडायचं काम चालू होतं आणि ते त्याच कामावर होते. अशात यार्डाचा कागद आला. सोमवारी गाडी तीन नंबरवरून सात नंबरच्या लाइनीवर न्यायची, पुढचं मागाहून कळवण्यात येईल. सात नंबर म्हणजे भंगाराच्या कुंपणाच्या आत. तिथं बाहेरच्या माणसाला जाऊ देत नसत, आणि तिथं गेलेला डबा परत आलेला चाचांनी पाहिला नव्हता. मी घाबरून एसटीडी बूथवर गेलो आणि आमच्या स्टेशनमास्तरांना फोन करून निरोप ठेवला: काहीही करून रविवारी या.

रविवारी सकाळी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर मी दोघांना उतरवून घेतलं. मायच्या हातात धपाट्यांचं फडकं आणि अण्णांच्या खांद्यावर जड पिशवी.

"काय आणलंय एवढं?"

"विचार त्यांनाच," माय म्हणाली. "लेकाला भेटाया निघाले अन् पिशवीत हातोडा!"

"असू दे. स्टोअरात ठेवला की कोणी बी उचलतंय," अण्णा म्हणाले.

यार्डात शिरल्यावर चाचांनी दार उघडून पायरी पुसली. माय चप्पल काढू लागली तर त्यांनी हात जोडले. "नक्को अम्मा, पैनके आओ. ये कारपेट जूतोंकेच वास्ते है."

माय तरीही चप्पल हातात घेऊनच चढली आणि थेट सोफ्यावर जाऊन बसली. बसल्याबसल्या दोनदा उसळी घेऊन पाहिली. "या की वर! रुततंय आत. घरी न्यावं वाटतंय."

अण्णा खालीच. मला वाटलं, लाजताहेत.

"अण्णा, चला ना. तुमच्यासाठीच तर बोलावलं."

"पासावर लिहिलेलं असतंय," ते शांतपणे म्हणाले. "ह्या गाडीला पास लागू नाही."

"अण्णा, गाडी उभी आहे."

"उभी असली तरी गाडीच हाय की."

"इंजिन नाही, तिकीट नाही, मास्तर नाही," माय खिडकीतून ओरडली. "कोण पकडतंय तुम्हाला? कामून लेकराचं मन मोडता?"

अण्णांनी नुसतं हसून मान हलवली आणि त्यांना जे येत होतं ते सुरू केलं. पिशवीतून हातोडा काढला आणि वाकून चाकं बघत गाडीच्या कडेनं चालू लागले. मी पायरीवर बसून राहिलो. खरं सांगायचं तर रडू येत होतं. एवढी धडपड केली, उद्या गाडी कुंपणाच्या आत जाणार, आणि हा माणूस हातभर अंतरावरून तिची चाकं बघतोय! मागून ठोक ठोक आवाज येत होता. आत माय चाचांना धपाटे खाऊ घालत होती आणि चाचा, "क्या चीज बनाए अम्मा," म्हणून दाद देत होते.

तेवढ्यात शिटी वाजली. एक काळं, लहानसं इंजिन मागं मागं येत होतं. शंटिंगच्या जमादारानं सांगितलं, उद्या इंजिन मोकळं नाही, म्हणून आजच नेतो. त्याच्या माणसांनी इंजिन जोडलं आणि पुढच्या चाकांखालच्या लाकडी पाचरी काढल्या. इंजिन फुसफुसलं, एक हिसका बसला, चाचांनी मायला दिलेला चहा बशीत आला आणि गाडी जागची हलली नाही. दुसरा हिसका, तरी नाही. ड्रायव्हर तेलुगूत काहीतरी ओरडत खाली उतरला. चाचा मात्र खुशीत होते. "देखे बाबू? जाने का दिल नै है उसका."

सगळे खाली वाकून बघायला लागले, तेव्हा गाडीच्या शेपटाकडून अण्णा आले. चेहरा पडलेला.

"साहेब, माझ्याकडून झालं," त्यांनी जमादाराला सांगितलं. "मागं दोन पाचरी सैल पडल्या होत्या. गाडी घरंगळंल म्हणून ठोकून बसवल्या."

गाडी उद्या जाणार हे त्यांना माहीत होतं. पण सैल पाचर दिसली आणि हात थांबला नाही.

जमादारानं मागं जाऊन पाहिलं. दोन्ही पाचरी चाकाखाली अशा बसल्या होत्या की त्याच्या माणसांना हलवता येईनात. "कौन हो तुम?" त्यानं विचारलं.

"चावीवाला. परभणी साइडचा."

जमादार मोठ्यानं हसला. "वो दिख रा है!"

अण्णांनीच चार घाव घालून पाचरी काढल्या. मग जमादार म्हणाला, ब्रेकचे पाइप वाळलेत, शेवटच्या डब्यात हातब्रेकवर माणूस लागेल, आणि त्याच्याकडं माणूस कमी आहे. अण्णांकडं बघून त्यानं विचारलं, "पकडते क्या?"

"ड्युटी हाय का?"

"हौ, ड्युटीच समजो."

अण्णांनी टोपी सारखी केली, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मलईगाडीत चढले.

गाडी निघाली. पायी चालणारा माणूस पुढं गेला असता, एवढा तिचा वेग. अण्णा दोन्ही हातांनी ब्रेकचं चाक धरून उभे. चाचांनी अंगात पांढरा कोट चढवला होता. काठाला सोनेरी रेघ असलेल्या कपात चहा घेऊन ते आले आणि अण्णांसमोर तबक धरलं. अण्णांनी एक हात सोडला, एक घोट घेतला आणि कप परत ठेवला. तेवढ्यात त्यांनी कान टवकारले.

"तिसऱ्याचं मागचं चाक," ते म्हणाले. "आजून टकटकतंयच!"

सात नंबरवर त्यांनी ब्रेक आवळला. गाडी इतकी हळू थांबली की मायला ती थांबल्याचं कळलंच नाही. मग चाचांनी त्यांचा दंड धरला. "ड्यूटी खतम. अब पाशिंजर बन जाओ. बैठो."

अण्णा सोफ्याच्या कडेवर टेकले. हातोडा मांडीवर. पडदा सारून त्यांनी बाहेर पाहिलं, मग काचेला नाक लावून खाली पाहिलं, मग दुसऱ्या खिडकीतून.

"इथून लाइन दिसतच नाही की रे," ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मग ह्या लोकांना कसं कळायचं, खाली आपण हाव म्हणून?"

"न कळायला काय झालं?" माय म्हणाली. "एवढ्या वर्षांत कोणाच्या अंगावर चहा सांडला का? आज सांडला तो तुमच्याच पाचरीनं."

अण्णा मोठ्यानं हसले. हसता हसता पाठ मागं टेकली, आणि मग ती तिथंच राहिली. जमादारानं शिटी मारेपर्यंत पाचेक मिनिटं ते मलईगाडीत रेलून बसले होते. मी समोर बसून नुसता बघत होतो.

त्या गाडीचं पुढं काय झालं ते मला नक्की सांगता येत नाही. साहेबांनी फोनची बूथं काढली आणि मला हिशेबनीस केलं. चाचा निवृत्त होऊन मुलीकडं गेले. कोणी सांगतं, दोन डबे एका बागेत आहेत. कोणी म्हणतं, सगळे तोडले. एकानं तर तिच्यात जेवून आल्याची शपथ घेतली, पण त्यानं सांगितलेला रंग निळा होता.

गावात मात्र अण्णा पारावर सांगतात, "मलईगाडीत बसलोय मी."

"कुठून कुठवर?" कोणीतरी विचारतंच.

"तीन नंबर लाइनीपासून सात नंबरपर्यंत. ड्युटीवर गेलो, अन् पाशिंजर होऊन उतरलो."

तिच्याबद्दल काही नवं कानावर आलं की मी अजून त्यांना फोन करतो. बाग असो, हॉटेल असो, ते सगळं ऐकून घेतात आणि मग एकच विचारतात, "चाकाखाली पाचरी हायत का, ते बघितलं का कोणी?"