मिक्सरला पूजेचा धागा मी बांधला होता

शीलाताईचा उजवा हात माझ्यामुळे गेला. आज शीलाताईच गेली.

वर्ध्याजवळच्या एका टोस्टच्या कारखान्यात आम्ही दोघी मैदा मळायच्या मिक्सरवर होतो. वर्षानुवर्षं, शेजारी शेजारी.

मिक्सरच्या झाकणाला एक सेफ्टी स्विच असतो. झाकण उघडलं की मशीन बंद.

पण कडेला चिकटलेलं पीठ सारखं खरवडावं लागतं. दरवेळी मशीन थांबलं की सुपरवायझरचा पारा चढायचा.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. हार, हळदकुंकू, नारळ. उरलेला लाल धागा सुपरवायझरने माझ्या हातात दिला.
"स्विच दाबून बांधून टाक. पूजेचा धागा हाय, कोणी तोडणार नाई."

मी बांधला. चांगल्या पाच गाठी मारल्या. वर हात जोडले!

आणि खरंच कोणी तोडला नाही. देवाचं कोण तोडणार? मिक्सर उघड्या तोंडाने फिरत राहिला.

शीलाताई बौद्ध. मी एकदा तिला म्हटलं, "ताई, तू तं मानत नाई. तूच काप ना."
"वा वं! अन् उद्या म्हणान, शीलानं आमचा देव बाटवला. मले नाई पाह्यजे बाप्पा ते झगडे."
आम्ही दोघी हसलो.

मग ती सकाळ.

खरवडताना तिच्या बाहीचं टोक पात्यात गेलं. मशीनने तिला आत ओढलं. आधी मनगट, मग कोपर.
कापसाची वाळलेली पराटी मोडावी तसा हाडाचा आवाज आला. तो अजून ऐकू येतो मला.

"बंद कर वं! बंद कर!"

मेन स्विच भिंतीवर, दहा पावलांवर. मी धावले आणि मैद्याच्या पोत्याला अडखळून पडले. उठून बंद करेपर्यंत सगळा मैदा लाल झाला होता.

सुपरवायझर आला. पहिलं वाक्य काय बोलला माहितीये?
"पूरा घाणा खराब झाला."

पहार घालून पातं उलटं फिरवलं तेव्हा ती सुटली. हात आतच राहिला.

त्याच दुपारी ऑफिसात कागद तयार होता. 'सेफ्टी स्विच शीलाने स्वतः बांधला.'
कामगाराने मुद्दाम सेफ्टी काढली असं दाखवलं की भरपाई नाकारता येते. मालकाला कायदा बरोबर पाठ होता. आम्हाला कोणी कधी सांगितलाच नव्हता.

साक्षीदार म्हणून सही माझी.

जिने जन्मात स्वतःच्या मनगटाला धागा बांधला नाही, तिने म्हणे मशीनला पूजेचा धागा बांधला! आणि नोकरी जाईल या भीतीने मी त्याखाली सही केली. थू माझ्यावर.

तिने भरपाईसाठी कोर्टात केस टाकली. त्यानंतर बोरगाव मेघेला तिच्या घरी मी एकदाच गेले. तिने डाव्या हाताने चहा दिला.
"मले मालूम हाय कोणं बांधला. तुले लेकरं हायेत, समजते मले. पण लोकं मले येडी म्हणून राह्यले वं. मी येडी नोती, येवढं सांगून दे कोर्टात."

"सांगीन," म्हणाले. आणि तारखेला गेलेच नाही.

आज सकाळी हार्ट अटॅकने ती गेली.

दुपारी मयताशेजारी उभी राहून, सगळ्या मोहल्ल्यासमोर तिच्या लेकीला सांगितलं. धागा मी बांधला. सही खोटी आहे.

पोरीने फाडकन माझ्या मुस्काटात मारली. ओठ फाटला. तिला कोणी अडवलं नाही.

मग ती म्हणाली, "बुधवारी तारीख हाय. हेच तिथं बोलजो. नाई बोलली तं घरी येऊन मारीन."

बोलणार आहे. मला ऐनवेळी पळता येऊ नये म्हणून इथे लिहितेय. वाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. कारखान्यातल्यांनी तर नक्कीच काढा.

ताई, तू येडी नव्हतीस.

तुला फूल वाहायची माझी अजून लायकी नाही. जय भीम.